दुसरा ब्रेक

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत,
एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या.
अकरा वर्षं डाव्या सीटवर बसून
अर्ध्या सुदामानगरला गाडी शिकवली मी:
नव्या सुना, बँकेतून निवृत्त झालेले काका,
आणि छाबडा मॅडम,
ज्या गिअर बदलताना अजून डोळे मिटतात.

त्या दिवशी मॅडमच्या भाच्याचं लग्न. क्लास बुडाला.
मी घरी, सव्वासहाला, वाटाणे सोलत.
अद्वयच्या हेडफोनची वायर आदल्या रात्रीच तुटलेली,
म्हणून आवाज खोलीतून बाहेर सांडत होता,
गोळ्या, पावलं, हेलिकॉप्टर,
आणि मधेच एक माणूस:
"क्यों भिया, आज भी मम्मी गाडी सिखाने गई?"
"हां भैया. सात बजे तक."

आवाज तिशीतला, पस्तिशीतला.
गालात सुपारी ठेवून बोलल्यासारखा.
गोड.

माझा उजवा पाय खाली गेला, गच्च.
फरशी होती. नुसती फरशी.

नवशिक्याच्या शेजारी बसून एकदम ब्रेक मारला
तर तो स्टीअरिंगच सोडून देतो.
माणिकबागच्या पुलावर एकाने सोडलं होतं.
म्हणून हातातली शेंग पुरती सोलली,
पदराला हात पुसले,
जाऊन त्याच्या गादीवर बसले.
स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका
माझा आवाज ऐकताच विझला.

"मला शिकव."
"तुला नाही जमणार."
नाहीच जमलं. पॅराशूटने उतरले, झाडीत अडकले,
अठ्ठावीस सेकंदांत मेले.
तो इतका हसला की उचकी लागली त्याला.
पाणी दिलं. मग विचारलं,
"तो कोण होता?"
"कोण?"
"ठिपकेवाला."
"भैया आहे. चांगला आहे. मला ड्रेस दिला त्यानं,
ड्रॅगनवाला, आठशे हिऱ्यांचा."
"कशाबद्दल?"
"असाच."
आणि त्या 'असाच'वर तो स्वतःच अडखळला.

मी काही बोलले नाही.
पंखा फिरत होता. खालून मेथीवाला ओरडत गेला.
"फोटो मागितला होता त्यानं. शाळेच्या ड्रेसमधला."
"दिलास?"
मेथीवाला कोपऱ्यावर वळला असेल तोवर.
"एकच."

रात्री प्रफुल्ल आला, पीथमपूरहून, शिफ्टच्या बसने.
पहिलं वाक्य: फोन विहिरीत फेकतो.
इंदुरात विहीर कुठे शोधणार, म्हटलं, बस, जेव.
सायबर सेलमधली ताई फोनवर म्हणाली होती,
आधी पुरावा, मग दार लावा.
तो क्रम मला ठाऊक नव्हता. मी उलटंच केलं असतं.
ताटं बाजूला सारून तिघांनी स्क्रीनशॉट काढले,
नाव, तारीख, वेळ, एकेक ओळ,
आणि प्रत्येक ओळीला प्रफुल्लचा जबडा हलत होता,
घास नसताना.
ब्लॉकचं बटण अद्वयनं दाबलं.
ड्रॅगनचा ड्रेस मात्र काढवेना त्याला,
दोन दिवस. मीही हट्ट धरला नाही.

आता खेळ बैठकीत, सगळ्यांसमोर.
नवा हेडफोन आणलेला नाही.
कधी कधी पहाटे जाग येते:
तो एक फोटो. टाय तिरका, सुळा पडलेला,
खिशावर शाळेचं नाव, वाचता येईल एवढं.
कुठल्या तरी फोनमध्ये तो अजून हसतोय.
तिथवर माझा पाय पोचत नाही.

छाबडा मॅडम परवा टॉवर चौकात
आडव्या आलेल्या रिक्षाला स्वतः थांबल्या.
डोळे उघडे होते. मी पाय उचलून धरला होता,
वीतभर वर, घामाने चिकटलेल्या सॅंडलमध्ये.

आज संध्याकाळी मी दीड मिनिट जगले.
मग कोणीतरी पाठीत गोळी घातली.
"आई, पळायच्या आधी मागे बघत जा ना गं,
किती वेळा सांगायचं,"
अद्वय म्हणाला,
हुबेहूब माझ्या क्लासच्या आवाजात.